माळढोकाला नाणं का नाही?

सोनईत आमचं किराणा दुकान होतं. शिंगणापूरला जाणारे भाविक वाटेत थांबून तेल, काळे उडीद घ्यायचे, त्यामुळे आजोबांच्या गल्ल्यात चिल्लर भरपूर. वेगळं दिसणारं नाणं ते एका डब्यात टाकत. मागच्या दिवाळीत मी तो डबा पालथा केला. गेंड्याचे चार आणे निघाले आणि एक रुपया निघाला. १९९१, पर्यटन वर्ष. त्यावर मोर.

नाण्यावरचा मोर जुना आहे. पाचव्या शतकात गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताने चांदीच्या नाण्यांवर पिसारा फुलवलेला मोर आणला. सोन्याच्या एका नाण्यावर तर राजा स्वतः मोराला भरवतोय. कारण सरळ आहे: कुमार म्हणजे कार्तिकेय, आणि मोर त्याचं वाहन. त्याच्या आधी समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर विष्णूचा गरुड होताच. थोडक्यात, नाण्यावर बसायचं तर पाठीवर देव हवा. नुसता देवही पुरत नाही म्हणा. आमच्या शेजारच्या शनिदेवाचं वाहन कावळा, त्याला आपल्या रुपयावर कोण घेणार? रूपही लागतं.

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. सलीम अलींची पसंती मात्र माळढोकाला होती. मीटरभर उंचीचा हा पक्षी गवताळ माळावर, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याच्या पाठीवर देव नाही, मागे पिसारा नाही. १९८० साली त्याला टपाल तिकीट मिळालं. रुपया नाही मिळाला.

मला हे लागतं, कारण १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात आमचा नेवासा तालुकाही होता. म्हणजे कागदोपत्री मी माळढोकाच्या घरात वाढलो, आणि तो एकदाही पाहिला नाही. आमच्याकडे मुळेचं पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला. तक्रार कुठल्या तोंडाने करू? आमचं दुकान त्याच पैशावर चाललं. पुढे अभयारण्याची हद्दही बरीच आक्रसली. आज देशभरात मिळून दोनशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते मुख्यतः राजस्थानात.

गेंड्याचे चार आणे २०११ साली चलनातून गेले. गेंडा काझीरंगात आहे, कारण त्याचं रान राखलं गेलं. नाण्याने पक्षी वाचत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याचं चित्र रोज हातात येतं, त्याच्या माळाला 'पडीक' म्हणताना जीभ जरा तरी अडखळली असती.