ससे, मेंढ्या आणि गोल्फ

गोल्फ म्हटलं की आपल्यासमोर येतात पांढऱ्या टोप्यांतले साहेब, मागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या आणि 'आत येण्यास मनाई' अशी पाटी. मी लहानपणी त्या पाटीच्या आत होतो, पण खेळाडू म्हणून नव्हे. माझे अब्बा लष्करातल्या एका गोल्फच्या मैदानावर माळीकाम करायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाई. उन्हाळ्यातल्या एका सकाळी टिटव्यांनी आमच्या डोक्यावर आकांत मांडला. अब्बांनी माझा दंड धरून मला थांबवलं. पावलाभर पुढे, उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची चार अंडी होती. "बेटा, पाऊल जपून टाक," म्हणत अब्बांनी भोवती काटक्या रोवल्या. थोड्या वेळानं एका साहेबांचा चेंडू तिथेच येऊन पडला. त्यांनी काटक्या पाहिल्या, चेंडू उचलला आणि लांब जाऊन खेळले.

पुढे या खेळाचा इतिहास वाचताना ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवली. कारण गोल्फची पहिली मैदानं माणसानं आखलेलीच नव्हती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूच्या गवताळ टेकड्या आहेत. त्यांना 'लिंक्स' म्हणतात. तिथे नांगर चालत नसे. ससे आणि मेंढ्या गवत कुरतडून आखूड ठेवत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जिथे वाळू उकरली, तिथे आजचे 'बंकर' तयार झाले, असं मानलं जातं. हिरवळीचे पहिले माळी हे असे चार पायांचे होते!

लोक या खेळात इतके रमले, की 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेनं त्यावर बंदी घातली. तिरंदाजीचा सराव मागे पडत होता ना! पण खेळ टिकला. सेंट अँड्र्यूज गावात 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेनं लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा दिली आणि त्याच जमिनीवर गोल्फ खेळण्याचा, गुरं चारण्याचा गावकऱ्यांचा हक्कही मान्य केला. एकच माळ, त्यावर सगळ्यांचा वाटा.

हा समतोल पैशानं बिघडवला. कर्जात बुडालेल्या नगर परिषदेनं 1797 साली लिंक्स विकायला काढली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. सशांच्या बिळांनी मैदानाची चाळण झाली. ज्यांनी हिरवळ घडवली, तेच आता खेळाडूंचे वैरी ठरले. कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. अखेर 1821 साली जेम्स चीप या जमीनदारानं ती जागा विकत घेतली आणि खेळ वाचला. 1894 साली कायदा होऊन लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली.

इंग्रजी अमलात हा खेळ आपल्याकडे आला. 1829 साली कोलकात्यात स्थापन झालेला क्लब हा ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. दिल्लीच्या गोल्फ क्लबात जुन्या मकबऱ्यांच्या सावलीत मोर फिरतात. या खेळाची भाषाही पाखरांची. ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी लागला तर 'बर्डी', दोन कमी तर 'ईगल', तीन कमी तर 'अल्बट्रॉस'. नियमही उदार आहेत. थांबलेला चेंडू कावळ्यानं पळवला तर दंड नाही. मूळ जागी दुसरा ठेवून खेळायचं.

अर्थात, प्रत्येक मैदान पाखरांचं मित्र नसतं. पाणी आणि कीटकनाशकं ओतून राखलेल्या हिरवळीवर किड्यामुंग्या उरत नाहीत, मग पाखरं काय खाणार? आणि आपल्याकडे माळाभोवती कुंपण पडलं, की गावची गुरं आणि पोरं बाहेरच राहतात.

म्हणून सेंट अँड्र्यूजची एक रीत मला फार आवडते. तिथलं सर्वांत जुनं मैदान, 'ओल्ड कोर्स', काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळासाठी बंद असतं. त्या दिवशी गावकरी मुलंबाळं, कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात.

आज रविवार. आपल्याकडच्या फाटकांनाही असा एखादा रविवार मिळाला, तर मी नातवंडांना घेऊन आत जाईन. टिटवी ओरडली, की त्यांचा दंड धरून थांबवीन.