प्रतिमांचे आकारमान बदलणे

डिजिटल प्रतिमेची रुंदी व उंची वापराच्या माध्यमानुसार कमी किंवा अधिक करण्याच्या प्रक्रियेस प्रतिमेचे आकारमान बदलणे असे म्हणतात. शोधनिबंध, भित्तिपत्रक आणि सादरीकरण यांच्या गरजा भिन्न असल्याने एकच प्रतिमा तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

पिक्सेल व छापील माप

छायाचित्र पिक्सेल नावाच्या ठिपक्यांचे बनलेले असते. एका इंचात, म्हणजे २.५४ सेंमीमध्ये, किती पिक्सेल छापले जातात यावर छपाईची सुस्पष्टता अवलंबून असते. संशोधनपत्रिका छायाचित्रांसाठी सामान्यतः इंचाला ३०० पिक्सेल मागतात. त्या हिशेबाने ८.५ सेंमी रुंदीच्या स्तंभास सुमारे १,००४ पिक्सेल लागतात. पिक्सेलसंख्या तीच ठेवून हा आकडा ७२ वरून ३०० केल्यास तपशील वाढत नाही, केवळ छापील माप लहान होते.

पिक्सेलसंख्या वाढवताना संगणक शेजारच्या पिक्सेलांवरून नव्या पिक्सेलांची मूल्ये अंदाजाने ठरवतो. या क्रियेस अंतर्वेशन म्हणतात. त्यामुळे चित्र मोठे होते. मात्र मुळात न टिपलेला तपशील त्यात येत नाही.

माध्यमानुसार निवड

ए० आकाराचे भित्तिपत्रक ८४१ × १,१८९ मिमी असते. ते काही अंतरावरून पाहिले जात असल्याने इंचाला १५० पिक्सेल बहुधा पुरतात. म्हणजे ३० सेंमी रुंद छायाचित्रास सुमारे १,७७२ पिक्सेल हवेत. सादरीकरणात पडद्याची पिक्सेलसंख्या महत्त्वाची ठरते. फुल एचडी पडद्यावर ती १,९२० × १,०८० असते. त्याहून मोठ्या प्रतिमेमुळे फाइल विनाकारण जड होते.

आलेख व रेखाकृती एसव्हीजीसारख्या व्हेक्टर स्वरूपात ठेवल्यास कोणत्याही मापात रेषा सुस्पष्ट राहतात. जेपीईजी स्वरूपात साठवताना काही माहिती गमावली जाते; पीएनजीमध्ये तसे होत नाही.

अचूकता

रुंदी व उंचीचे मूळ गुणोत्तर कायम राखणे आवश्यक असते. एकाच दिशेने ताणल्यास वर्तुळाकार पेशीही लंबगोल दिसते. सूक्ष्मदर्शकाच्या चित्राखाली दिलेले ‘४०० पट’ यासारखे विधान चित्राचे माप बदलताच चुकीचे ठरते. चित्रातच मापनपट्टी असल्यास ती चित्रासोबत त्याच प्रमाणात लहानमोठी होते व वाचकाला वस्तूचा खरा आकार मोजता येतो. मोजमापे मूळ प्रतिमेवरूनच घ्यावी लागतात. त्यामुळे आकारमान बदलण्याचे काम प्रतीवर करून मूळ फाइल स्वतंत्रपणे जतन केली जाते.