भाड्याचे घर आणि मालकीचे घर

राहण्यासाठी घर भाड्याने घ्यावे की विकत घ्यावे, हा कुटुंबाच्या अर्थव्यवहारातील एक दीर्घ परिणाम करणारा निर्णय आहे. भाडे आणि कर्जाचा मासिक हप्ता यांची तुलना करून तो घेण्याची प्रथा आहे. मात्र मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबासाठी हाताशी असलेली रोख शिल्लक, त्या गावातील अपेक्षित वास्तव्य आणि उत्पन्नाची निश्चितता हे घटकही तितकेच महत्त्वाचे ठरतात. या लेखात महाराष्ट्रातील कायदे व प्रथा यांच्या संदर्भात या निर्णयाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

भाड्याने राहणाऱ्या कुटुंबासाठी मराठीत 'बिऱ्हाड' आणि 'बिऱ्हाडकरू' हे शब्द रूढ आहेत. मुंबईतील चाळी आणि पुण्यातील वाडे यांतून अनेक पिढ्या भाड्यानेच राहिल्या. मुंबई भाडे अधिनियम, १९४७ या कायद्याने भाडेवाढीवर निर्बंध आणून भाडेकरूंना संरक्षण दिले. त्याची जागा पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने घेतली. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. संरक्षित भाडेकरूच्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा त्यात आहे. जुन्या पागडी पद्धतीलाही या कायद्याने मान्यता दिली.

भाड्याचे घर

आज घरे बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने दिली जातात. या करारात घर ठरावीक मुदतीसाठी वापरण्याची केवळ परवानगी मिळते. जुन्या भाडेकरूला असलेले संरक्षण त्यात नसते. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झालेली नसल्यास, अटींबाबत वाद उद्भवला तर विरुद्ध बाब सिद्ध होईपर्यंत भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मुंबई परिसरात 'हेवी डिपॉझिट' हा प्रकारही प्रचलित आहे. त्यात मोठी अनामत रक्कम देऊन नाममात्र भाड्याने किंवा भाड्याविना राहता येते. ती रक्कम परत मिळणे घरमालकाच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून असल्याने तिचा उल्लेख नोंदणीकृत करारात असणे आवश्यक ठरते.

मालकीचे घर

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे घरकर्ज घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्यावरील ७५ टक्के इतके देता येते. १० लाखांहून अधिक किमतीच्या घराचे मूल्य ठरवताना मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही. तो खरेदीदारास स्वतःच्या शिलकीतून करावा लागतो. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. घर केवळ स्त्रीच्या नावे असल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल ३० हजार रुपये आहे.

बांधकाम चालू असलेल्या घराच्या बाबतीत ताबा मिळेपर्यंत चालू घराचे भाडे आणि कर्जाचा भार हे दोन्ही एकाच वेळी सोसावे लागतात. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार विकासकाला नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी व प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते.

खर्चाची तुलना

उदाहरणादाखल २५ लाख रुपयांचे घर घेऊ. २० लाखांचे कर्ज काढल्यास स्वतःचे ५ लाख रुपये लागतात. ६ टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क मिळून आणखी १ लाख ७५ हजार रुपये होतात. म्हणजेच घरात पाऊल ठेवण्यापूर्वी ६ लाख ७५ हजार रुपये खर्च होतात.

कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १८ हजार रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५ हजार रुपये केवळ व्याजाचे असतात. पाच वर्षांत सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरूनही मूळ कर्ज जेमतेम सव्वादोन लाखांनी कमी होते. त्यामुळे चार-पाच वर्षांत गाव सोडावे लागण्याची शक्यता असल्यास खरेदी बहुधा महाग पडते.

याची दुसरी बाजूही आहे. तशाच घराचे भाडे आज ८ हजार रुपये असून ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर अठराव्या वर्षी ते हप्त्याहून अधिक होते. विसाव्या वर्षानंतर हप्ता संपतो. भाडे मात्र चालूच राहते. उत्पन्न थांबल्यानंतरच्या काळात हा फरक निर्णायक ठरतो. अर्थात मालकाला देखभाल खर्च, मालमत्ता कर व दुरुस्ती यांची तरतूद करावी लागते आणि तरत्या व्याजदरामुळे हप्ता किंवा मुदत वाढू शकते. भाड्याने राहणाऱ्याने हप्ता व भाडे यांतील फरक नियमितपणे शिल्लक टाकला, तरच भाड्याचा पर्याय लाभदायक ठरतो.

मर्यादित अंदाजपत्रकातील जोखीम

सर्व बचत घरात गुंतवल्यास आजारपण किंवा नोकरी जाणे यांसारख्या प्रसंगी हप्ता थकण्याचा धोका असतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्जखाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात दावा न लावताही घर ताब्यात घेण्याची कारवाई करू शकते. म्हणून प्रारंभीचा सर्व खर्च भागवून किमान सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च यांइतकी रक्कम हाती उरते का, हा खरेदीपूर्वीचा महत्त्वाचा निकष मानला जातो. ती उरत नसल्यास काही वर्षे भाड्याने राहून शिल्लक वाढवणे, लहान किंवा जुने घर पाहणे, अथवा म्हाडा व सिडको यांच्या सोडतीत अर्ज करणे हे पर्याय उपलब्ध असतात.

'घर पाहावे बांधून' या म्हणीत घर उभे करताना येणाऱ्या अनपेक्षित खर्चाचा अनुभव साठवलेला आहे. तयार घर विकत घेतानाही तो लागू पडतो.

हे सुद्धा पहा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९
पागडी पद्धत
महारेरा
म्हाडा
सहकारी गृहनिर्माण संस्था