सॅक्सोफोनचं ओझं कुणाच्या मानेवर?

माझं पीएचडीचं काम पाठीच्या कण्यावर येणाऱ्या भाराचं गणित मांडण्याचं आहे. नातेवाईकांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तू डॉक्टर होणार का?" होणार, पण औषध देणारी नाही. ओझं शरीरावर नेमकं कुठे पडतं आणि ते पेलायला कुठले स्नायू राबतात, एवढंच मी शोधते. आज त्यासाठी एक वाद्य घेऊ या: सॅक्सोफोन. मान आणि पाठ दुखणं ही हे वाद्य वाजवणाऱ्यांची नेहमीची तक्रार. "बसायची सवय वाईट", "व्यायाम नाही" असं म्हणून आपण ती वादकावरच ढकलतो. पण वाद्याचा इतिहास पाहिला तर दुखण्याचं बरंचसं कारण गळ्यातल्या एका पट्ट्यात सापडतं.

मैदानासाठी बनलेलं वाद्य

ॲडॉल्फ सॅक्स हा वाद्यं बनवणारा कारागीर १८१४ मध्ये बेल्जियममधल्या दिनां गावी जन्मला. पॅरिसला येऊन त्याने १८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. त्याचं महत्त्वाचं गिऱ्हाईक होतं फ्रेंच लष्कर. मोकळ्या मैदानात नाजूक वाद्यं ऐकू जात नाहीत. त्यामुळे क्लॅरोनेटसारखी चपळाई आणि पितळी वाद्यांसारखा दणदणीत आवाज, दोन्ही एकाच नळीत हवं होतं. पुढे १८५७ ते १८७० या काळात सॅक्सने पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेत लष्करी वादकांना सॅक्सोफोन शिकवलासुद्धा.

आवाजाचा प्रश्न सुटला, वजनाचा उरला. आजचा आल्टो सॅक्सोफोन साधारण अडीच किलोचा असतो, टेनर साडेतीनच्या आसपास आणि बॅरिटोन पाच-सहा किलोचा. उजव्या हाताच्या अंगठ्यावर एवढं वजन तोलून बोटं मोकळी ठेवणं शक्य नाही. म्हणून वाद्याच्या पाठीमागे एक कडी आणि वादकाच्या गळ्यात पट्टा. स्वस्त, सुटसुटीत, गणवेशावर शोभणारा. तो पट्टा जवळपास त्याच रूपात आजही दुकानात मिळतो.

अडीच किलोचे साडेसात कसे होतात

इथे थोडं गणित. आल्टोचं वजन अडीच किलो. पण ते मणक्याच्या बरोबर वर नसतं, पुढे छातीसमोर लोंबकळतं. समजा, ते मानेच्या मणक्यापासून १२ सेंटिमीटर पुढे आहे. मान पुढे झुकू नये म्हणून मागचे स्नायू ओढून धरतात, आणि ते मणक्यापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर असतात. सी-सॉवर लहान मूल लांब टोकाला बसलं आणि मोठा माणूस मधोमध बसला तर काय होतं ते आठवा. अंतर तीन पट, म्हणून जोरही तीन पट. म्हणजे स्नायूंना साडेसात किलोइतका ताण धरावा लागतो. हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा बरोबर आहे.

त्यात पट्टा सैल असला की वाद्य खाली जातं आणि तोंड त्याच्या मागे जातं. डोकं स्वतःच साडेचार-पाच किलोचं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशोब मांडला होता: मान १५ अंश वाकली तर मणक्यावरचा भार सुमारे १२ किलो होतो आणि ६० अंश वाकली तर २७ किलोपर्यंत जातो. मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्यांसाठी हे आकडे खूप गाजले. ते माणसांवर मोजलेले नाहीत, मॉडेलमधून आले आहेत, हे ध्यानात ठेवायचं. तरीही सॅक्सोफोनचे शिक्षक जे सांगतात त्याचं कारण यातून कळतं: वाद्य तोंडाकडे आणा, तोंड वाद्याकडे नेऊ नका.

आपल्याकडे तो कसा बसला

सॅक्सोफोन आपल्याकडे लष्करी आणि संस्थानी बँडांतून आला, आणि मुंबईत त्याला खरे हात मिळाले ते गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जायचं. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे फिल्म स्टुडिओत पोहोचली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा जॅझ संच ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि मुंबईत जॅझचा जोर वाढला. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी हाच बाज हिंदी सिनेमात आणला. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये त्यांच्या साथीला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा संच होता. नंतर मनोहारी सिंग आले. १९६९ च्या 'आराधना'मधला सॅक्सोफोन त्यांचा.

माझ्या दृष्टीने यातली गंमत अशी की स्टुडिओत शिरताच मैदानातलं वाद्य खुर्चीवर बसलं. पूर्वी सगळा वाद्यवृंद एकत्र रेकॉर्ड व्हायचा. कुणा एकाचा सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. बसल्यावर मोठा सॅक्सोफोन मांडीच्या उजव्या अंगाला घ्यावा लागतो, म्हणजे कंबर सरळ आणि खांदे किंचित वळलेले. भार कमी झाला नाही, त्यात पीळ आला आणि दुखणं मानेवरून पाठीत उतरलं.

तिसरी बैठक दक्षिणेतली. कद्री गोपालनाथ यांचे वडील नादस्वरम वाजवायचे. त्यांनी स्वतः म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक संगीतात आणला. मांडी घालून, व्यासपीठावर बसून ते वाजवत. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्येही ते वाजवून आले. मांडी घातल्यावर पाय खाली रुंद पाया देतात, पण कंबरेचा नैसर्गिक बाक टिकवायला पाठीला काम करावंच लागतं.

म्हणजे वाद्य तेच आणि पट्टाही तोच, पण बैठक बदलली की दुखण्याची जागा बदलते.

एकाच रस्त्यावरचे दोन पट्टे

आता ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे येऊ. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर किंवा सावित्रीबाई फुले नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला की सॅक्सोफोनच्या एका तुकड्यावर टाळ्या पडतात. तो वादक दोन-तीन तास उभा असतो, पण दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य स्टँडवर ठेवू शकतो. वरातीतल्या बँडवाल्याला ती सोय नाही. तो वाजवत चालतो, खड्डे चुकवत, मागून येणाऱ्या जनरेटरच्या गाडीपुढे.

याच भागात दुसरं एक वाद्य चालत वाजतं: ढोल. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. त्यात ढोल-ताशा पथकं असतातच. ढोल चांगलाच जड, पण तो बांधतात कमरेला. त्याचा बराचसा भार ओटीपोटाच्या मोठ्या हाडावर आणि तिथून पायांवर जातो. ढोलवाल्यांची कंबर दुखत नाही असं मुळीच नाही. पण मानेच्या सात लहान मणक्यांवर ते ओझं टाकलेलं नसतं. ओझं मोठ्या हाडावर टाकायचं, हे शहाणपण आपल्या मिरवणुकीत आधीपासून आहे.

सॅक्सोफोनसाठीही आता तसे पट्टे मिळतात. काही दोन्ही खांद्यांवर भार वाटतात, काहींना पुढे पोटावर टेकणारा दांडा असतो. बॅरिटोन वाजवणाऱ्यांनी ते आधी स्वीकारले तर नवल नाही. काहींना खांद्याच्या पट्ट्याने श्वास घेताना छाती आवळल्यासारखी वाटते, म्हणून विकत घेण्याआधी वाजवून बघावं. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की डोकं सरळ असताना माउथपीस आपोआप ओठांशी येईल. वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य गळ्यातून काढावं. केस एका खांद्याला लटकवून लोकलमध्ये चढण्यापेक्षा पाठीवर घ्यावी. आणि हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर पट्टा बदलत बसू नये, डॉक्टरकडे जावं.

मोजलं कुणाला?

कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० मध्ये लिहिलं. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं त्याचं सांगणं होतं, आणि गायक-वादकांच्या दुखण्यांचीही त्याने दखल घेतली. तरी वादकांची मोठी पाहणी व्हायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकेतल्या ४८ वाद्यवृंदांत प्रश्नावली वाटली गेली, २,२१२ वादकांनी उत्तरं दिली, आणि त्यांतल्या ७६ टक्क्यांनी वादनात अडथळा आणणारा किमान एक गंभीर त्रास सांगितला. वादनाच्या दुखण्याला विज्ञानाने गंभीरपणे घ्यायला या आकड्याची मोठी मदत झाली.

पण सिम्फनी वाद्यवृंदात सॅक्सोफोन कायमचा सभासद नसतो. म्हणजे ज्या मोठ्या पाहणीमुळे हे प्रश्न पुढे आले, तिच्यात सॅक्सोफोनवाला जवळजवळ नव्हताच. मग हंगामात रोज वरातीत चालणारा कल्याणचा बँडवाला कुठून असणार? ग्रेगरी बूथ यांनी 'ब्रास बाजा' या २००५ च्या पुस्तकात भारतातल्या लग्नाच्या बँडांचा अभ्यास केला. ते वाचताना जाणवतं की या कामाला हातावरच्या पोटाची घाई आहे. मान दुखते म्हणून सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे गेले. असा माणूस "माझं मॉडेल तुमच्या मानेवर तपासू का" या प्रश्नाला वेळ कसा देणार, हे मला अजून सोडवायचं आहे. माझ्या मॉडेलमध्ये आज आकडे आहेत ते बसलेल्या आणि उभ्या माणसाचे. चालत वाजवणाऱ्याचे मिळवायचे आहेत.

तोवर एक साधी गोष्ट तुमच्या हातात आहे. घरच्या लग्नाला बँड ठरवाल तेव्हा सुपारी देतानाच सांगून ठेवा: अर्ध्या वाटेत वरात दहा मिनिटं थांबेल, खुर्च्या आणि पाणी असेल, आणि वाद्यं गळ्यातून उतरतील. नाचणाऱ्यांनाही तेवढा दम लागतोच.