स्कूनर की डोरी?

न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर १९व्या शतकाच्या पूर्वार्धात कॉड मासा जहाजावरूनच पकडला जाई. स्कूनर हे शिडाचे मोठे गलबत नांगरून खलाशी कठड्याशी ओळीने उभे राहत आणि हाताने गळ सोडत. जहाजाच्या आजूबाजूला असेल तेवढाच मासा हाती लागे.

शतकाच्या मध्याला हा हिशेब बदलला. स्कूनरने नुसते तळ म्हणून उभे राहायचे आणि मासेमारी डोरी या सपाट बुडाच्या होडीतून करायची, अशी पद्धत रूढ झाली. डोरी स्वस्त होती. सरळ फळ्या ठोकून झटपट तयार होई. बसायच्या फळ्या काढल्या की डोऱ्या डेकवर वाट्यांसारख्या एकात एक रचता येत. रिकामी असताना ती डळमळे, पण माशांनी भरली की पाण्यात घट्ट बसे. मॅसॅच्युसेट्समधील एम्सबरीच्या लॉवेल कारखान्यात १७९३ पासून होड्या बनत होत्या. त्याला या डोऱ्यांनी मोठे काम मिळवून दिले.

दोन माणसे वल्ही मारत दूर जात आणि शेकडो गळ बांधलेला लांब दोर तळाशी सोडत. एकाच स्कूनरच्या डोऱ्या मैलोन्‌मैल समुद्र व्यापत. मासळी वाढली, तशीच जोखीमही. आणि ती सगळी होडीतल्या दोघांवर आली. धुके उतरले की स्कूनर भोंगा वाजवी, पण तो ऐकू येईलच याची खात्री नसे.

जानेवारी १८८३ मध्ये हॉवर्ड ब्लॅकबर्न आणि टॉम वेल्च हे एका डोरीतले दोघे मच्छीमार हिमवादळात आपल्या स्कूनरपासून तुटले. ब्लॅकबर्नचे हातमोजे समुद्रात गेले होते. हात गोठणारच हे ओळखून त्याने बोटे वल्ह्याच्या दांड्याभोवती वळवून तशीच गोठू दिली. वेल्च वाटेतच गेला. त्याचा मृतदेह सोबत घेऊन ब्लॅकबर्नने न्यूफाउंडलंडचा किनारा गाठला. दोन्ही हातांची बोटे गेली, तरी १८९९ मध्ये त्याने एकट्याने शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडला. त्याच्या धैर्याच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. त्याला त्या होडीत बसवणाऱ्या हिशेबाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

पोर्तुगालने तर डोरीत एकच माणूस पाठवला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत कॉडच्या मोहिमांवर जाणाऱ्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे, त्यामुळे माणसे मिळत राहिली. इतर देशांनी ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, स्वीकारल्यानंतरही पोर्तुगीज डोऱ्या १९७०च्या दशकापर्यंत बँक्सवर उतरत होत्या.

ट्रॉलरने मासेमारी पुन्हा मोठ्या बोटीच्या डेकवर आणली. माणसांना धुक्यात एकटे सोडणे थांबले, हे चांगलेच झाले. पण समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना आवर घातला गेला नाही. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या उत्तरेकडील कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.