आगबोटीचं जाळं आणि आमचा तलाव



गटाच्या मागच्या बैठकीत एकच विषय दोन तास चालला. गावतलावाचा ठेका पुन्हा घ्यायचा का, आणि घेतला तर बँकेचं कर्ज काढून मोठं ओढायचं जाळं विकत घ्यायचं का? अर्ध्या जणी म्हणाल्या घ्या, अर्ध्या म्हणाल्या नको. शेवटी एक ताई म्हणाली, "मोठं जाळं घेऊन कोणाचं भलं झालं ते तरी शोधून काढा." म्हणून आम्ही शोधायला बसलो, आणि पोहोचलो थेट समुद्रावर. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आपला गोंदिया तलावांचा जिल्हा. समुद्र इथून रेल्वेनं हजार किलोमीटरच्या आसपास. तरी तो आपल्या स्वयंपाकघरात आहेच. आठवडी बाजारात मिळणारे सुके बोंबील तिकडूनच येतात. आणि आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे तेही आपल्याला परकं नाही. आपल्या सासूबाईंना विचारा. गोंदिया-जबलपूर छोट्या लाईनवर कोळशाचं इंजिन धावायचं, ते त्यांनी पाहिलंय. एक माणूस फावड्यानं भट्टीत कोळसा टाकतो, पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर चाकं फिरतात. तेच इंजिन बोटीत बसवलं की झाली आगबोट. आणि त्या आगबोटीच्या मागे मोठं जाळं बांधलं की झाला मासेमारीचा ट्रॉलर.

त्याआधी इंग्लंडचे कोळी शिडाच्या बोटीनं जाळं ओढत. वारा असेल तर काम, नाही तर बसून राहायचं. १८८१ साली तिथल्या ग्रिम्स्बी बंदरात 'झोडिअॅक' नावाची बोट आली. खास वाफेवर जाळं ओढण्यासाठी बांधलेल्या पहिल्या बोटींपैकी ती एक. वाऱ्याची वाट पाहणं संपलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अशा शेकडो बोटी झाल्या.

काम कसं चालायचं ते सांगतो. जाळं म्हणजे एक भली मोठी पिशवी. तिच्या तोंडाच्या वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला वजन. दोन्ही बाजूंना लोखंड ठोकलेल्या दोन जाड फळ्या. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबानं या फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि पिशवीचं तोंड उघडं राहतं. पिशवी समुद्राच्या तळाला घासत जाते. जाळं ओढताना बोटीचा वेग माणसाच्या चालीएवढाच. तीन-चार तास ओढायचं, मग वाफेच्या रहाटानं तारा गुंडाळून जाळं वर घ्यायचं. पिशवीच्या खालच्या टोकाला एक गाठ असते. ती सोडली की सगळी मासळी धबकन डेकवर पडते. लगेच जाळं पुन्हा पाण्यात, आणि माणसं मासळी चिरून, धुऊन, खाली बर्फात रचायला लागतात. ते संपेपर्यंत दुसरी खेप वर येते. दिवस नाही, रात्र नाही. बोटीवर माणसं नऊ-दहा. एक तांडेल, त्याच्या हाताखाली खलाशी, इंजिन सांभाळणारे, एक स्वयंपाकी आणि एक भट्टीत कोळसा टाकणारा. वर बर्फगार वारा आणि खाली भट्टी.

अशा एका बोटीचं आयुष्य आम्ही नीट वाचलं. तिचं नाव 'व्हायोला'. इंग्लंडच्या हल शहरातल्या एका कंपनीनं ती १९०६ साली बांधून घेतली. ही कंपनी आपल्या बोटींना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पात्रांची नावं द्यायची, म्हणून व्हायोला. ती एकटी जात नसे. पन्नासेक बोटींचा तांडा कित्येक आठवडे समुद्रावरच राहायचा. रोज पकडलेली मासळी पेट्यांत भरायची, त्या पेट्या छोट्या होडीत ठेवायच्या आणि वल्ही मारत दुसऱ्या एका वेगवान बोटीवर चढवायच्या. ती वेगवान बोट थेट लंडनच्या बिलिंग्सगेट मासळी बाजाराकडे धावायची. खवळलेल्या समुद्रात पेट्या चढवताना होड्या उलटायच्या. कित्येक तरणी पोरं त्यात बुडाली.

इकडे किनाऱ्यावर बर्फ तयार असायचा, रेल्वेचे डबे उभे असायचे, बाजार ठरलेला असायचा. आणि हलच्या बायका घरी आणि कारखान्यात बसून जाळी विणायच्या. तळाला घासून जाळी रोज फाटत, त्यामुळे या बायकांचे हात थांबत नसत. म्हणजे समुद्रात दिसायची एक बोट, पण तिच्यामागे अख्खं शहर उभं असायचं.

व्हायोला पुढे पहिल्या महायुद्धात नौदलात गेली, पाणबुड्यांच्या मागावर फिरली. मग नॉर्वेला विकली गेली, देवमासे पकडायला लागली. १९२७ साली दक्षिण ध्रुवाकडच्या साऊथ जॉर्जिया बेटावर गेली आणि सीलच्या शिकारीवर राबली. नाव बदललं, मालक बदलले, काम बदललं, पण १९६० च्या दशकापर्यंत ती चालत होती. आजही ती त्या बेटावर ग्रित्विकेनच्या किनाऱ्याला उभी आहे, आणि तिचं वाफेचं इंजिन अजून तिच्या पोटात आहे.

आता आपल्या देशात या. इंग्रज सरकारलाही वाटलं की असा ट्रॉलर हिंदुस्थानात आणावा. १९०८ साली बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राउन' नावाचा ट्रॉलर उतरवला. मासळी मिळाली. पण ती विकायची कुठे? कलकत्त्यात. आणि कलकत्ता हे समुद्रकाठचं गाव नव्हे, हुगळी नदीतून शंभर किलोमीटरहून जास्त आत जावं लागतं. जितका वेळ जाळं ओढण्यात जायला हवा, तितका जाण्यायेण्यात गेला तर कोळशाचा खर्च कसा निघणार?

मग पाळी आली आपल्या मुंबईची. १९२१-२२ साली मुंबई सरकारनं 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेचा ट्रॉलर किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात चालवून पाहिला. यंत्र तेच, फळ्या त्याच, जाळं तसंच. तळाशी मासळी आहे हे कळलं. पण खर्च भरून निघाला नाही, आणि हा प्रयोग तिथेच थांबला. व्हायोलानं पन्नास वर्षांहून जास्त काम केलं. मुंबईच्या ट्रॉलरचं मासेमारीचं काम साधारण वर्षाचं.

आम्ही बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता. बोट तीच, मग असं का?

हिशेब मांडून पाहा. कोळसा मुंबईत निघत नाही, तो लांबून विकत आणायचा. जाळं पाण्यात असो की नसो, भट्टी पेटतीच ठेवावी लागते. पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. आणि मासळी मात्र एकदम, ढिगानं येते. मुंबईचं ऊन आणि दमट हवा, त्यात मासळी काही तासांत बिघडते. ती ठेवायला शीतगृह हवं, आतल्या गावांत न्यायला बर्फाचे डबे हवेत, रोज तेवढं घेणारं गिऱ्हाईक हवं. हलमध्ये हे सगळं आधीच होतं. इथे बोट आधी आली आणि बाकीचं आलंच नव्हतं.

त्याच वेळी त्याच समुद्रात आपले कोळी काय करत होते? वर्सोव्यापासून सातपाटीपर्यंत डोल जाळी लागत होती. डोल म्हणजेही एक पिशवीच, पण ती ओढायची नसते. समुद्रात खुंटे रोवून ती भरती-ओहोटीच्या वाटेवर बांधून ठेवायची. पाणी स्वतःच मासळी आत आणून घालतं. कोळसा शून्य. जास्त बोंबील आले तर बांबूच्या मांडवावर वाळत टाकायचे. वाळवण हेच त्यांचं शीतगृह. असेच वाळलेले बोंबील रेल्वेनं लांब लांबच्या बाजारात जातात, आपल्याकडेही येतात. आणि विकणारी कोण? कोळीण. पुरुषानं मासळी किनाऱ्यावर आणली की पुढचा सगळा धंदा तिचा. लिलावात बोली लावणं, टोपली डोक्यावर घेणं, कुठल्या दारात काय खपतं हे लक्षात ठेवणं, उधारी वसूल करणं, सगळं तीच करायची. हे ज्ञान कुठल्याही आगबोटीच्या इंजिनात बसवून मिळत नाही.

पुढे स्वातंत्र्यानंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्था वाढल्या, बर्फाचे कारखाने निघाले, होड्यांना डिझेलची इंजिनं बसली. मग यंत्र टिकलं. ट्रॉलरही आले, आणि इतके आले की उलटी तक्रार सुरू झाली. किनाऱ्याजवळ तळ खरवडून नेतात, लहान पिल्लंही सुटत नाहीत, आम्हा छोट्या होडीवाल्यांनी काय करायचं? म्हणून १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत, यंत्राच्या बोटींना बंदी असते तीही याच कारणानं.

ही तक्रार नवी नाही. १८८३ साली हक्सले नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये सांगितलं होतं की समुद्रातली महत्त्वाची मासळी संपूच शकत नाही. १९०० साली गारस्टँग नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं आकडे मांडून दाखवलं की बोटींची पकडायची ताकद खूप वाढली, पण मासळी त्या प्रमाणात वाढली नाही. म्हणजे एकेका बोटीच्या वाट्याला कमी येऊ लागलं. मग महायुद्ध आलं. व्हायोलासारख्या हजाराहून जास्त बोटी नौदलानं नेल्या आणि उत्तर समुद्राला चार वर्षं विसावा मिळाला. युद्ध संपल्यावर बोटी परत गेल्या तेव्हा जाळ्यात मासळी जास्त आली, आणि मोठी आली. कोणी ठरवून केलं नव्हतं, पण विसावा दिला की पाणी परत देतं हे सगळ्यांना दिसलं.

आता आपल्या तलावावर येतो. पहिल्यांदा ठेका घेतला त्या वर्षी आमच्याकडून चूक झाली, ती आज सांगून टाकतो. एका व्यापाऱ्यानं सल्ला दिला, बारीक डोळ्याचं मोठं जाळं भाड्यानं आणा, मे महिन्यात पाणी कमी असतं, एका दिवसात सगळा तलाव ओढून घ्या, माझी गाडी येईल. आम्ही ऐकलं. जाळं आणलं, मजुरी दिली. सकाळी दहापर्यंत पारीवर मासळीचा ढीग लागला. सगळ्या जणी हसत होत्या. व्यापाऱ्याची गाडी आली नाही. बर्फ आणायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुपारी मे महिन्याचं ऊन. गावात, शेजारच्या दोन गावांत मिळेल त्या भावानं विकलं, थोडं वाळवलं, आणि संध्याकाळी उरलेलं खड्डा करून पुरलं. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. रोहू-कतलाचं बीज दरवर्षी विकत आणून सोडता येतं. पण मरळ, शिंगूर असे गावरान मासे तलावातच वाढतात, तलावातच अंडी घालतात. बारीक डोळ्याच्या जाळ्यात त्यांची आई आणि पिल्लं दोन्ही गेली. पुढच्या वर्षी ढिवर समाजाची एक म्हातारी आजी पारीवर उभी राहून म्हणाली, "पोरींनो, तुम्ही मासे नाही विकले, बियाणं विकलं." तेव्हा आम्हाला राग आला होता. आता कळतं की आमच्या तलावात त्या वर्षी एक छोटा विल्यम कॅरिक उतरला होता.

मग बैठकीत काय ठरलं? ठेका घ्यायचा. मोठ्या जाळ्यासाठी कर्ज काढायचं नाही. कर्ज काढायचंच तर आधी बर्फाच्या पेट्या आणि वजनकाटा. मासळी एका दिवशी नाही, बाजाराच्या दिवसाप्रमाणे थोडी थोडी काढायची. जाळ्याचा डोळा मोठा, पिल्लू सुटलं पाहिजे. आणि पहिल्या पावसानंतर, मासे अंडी घालायला काठाकडे येतात तेव्हा, जाळं घरातच ठेवायचं. दोन ताया अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं आहे की शेजारचं गाव मोठं जाळं लावेल आणि बाजार घेऊन जाईल. त्यांची भीती खोटी नाही, म्हणून एक वर्षाचा जमाखर्च लिहून पुन्हा बसायचं ठरलंय.

तुमच्या गटापुढे मासळीचं जाळं नसेल. डाळीचं यंत्र असेल, पिठाची गिरणी असेल, शिलाईची मोठी मशीन असेल. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी चार प्रश्न बैठकीत मोठ्यानं वाचा. काम नसेल त्या दिवशीही या यंत्राचा खर्च किती? माल एकदम निघाला तर तो कुठे ठेवणार? रोज कोण विकत घेणार, आणि विकणारी आपल्यातली कोण? आणि पुढच्या वर्षीसाठी मागे काय शिल्लक राहणार?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात भेटू.