निऱ्यांचे तास

हाताने एक किल्ट शिवावयास किती वेळ लागतो, असे एखाद्या मुरलेल्या स्कॉटिश कारागिरास विचारले, तर तो पंधरा ते वीस तास असे सांगेल, आणि नवशिक्यास याच्या दुप्पटही पुरत नाहीत, अशी पुस्ती जोडील. परंतु ज्या वस्त्रापासून हा किल्ट उत्पन्न झाला, त्यास शिंप्याची गरजच नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुष लोकरीचे चौकड्यांचे एक लांबलचक कापड नेसत असत. माग अरुंद असल्याने त्याचे दोन पट्टे लांबीतून जोडलेले असत, इतकीच काय ती शिलाई. रोज चुण्या घालून ते कमरपट्ट्याने आवळावे, उरलेला भाग खांद्यावर टाकावा आणि रात्री तेच पांघरून निजावे, असा क्रम होता. नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आजीस या वस्त्राचे व्याकरण तत्क्षणी उमगले असते.

पुढे त्याचा खालचा अर्धा भाग तेवढा सुटा झाला. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात त्याचे श्रेय रॉलिन्सन नावाच्या, ग्लेनगॅरीच्या अरण्यात लोखंडाची भट्टी चालविणाऱ्या इंग्रजास दिले आहे. स्कॉटिश अभिमान्यांस ते अद्याप रुचत नाही, आणि सोय पाहून कापड अर्धे करण्याची बुद्धी एखाद्या डोंगरी गड्यास आधीच सुचली नसेल, असे मलाही वाटत नाही. १७४६ च्या कायद्याने या पोशाखास मनाई झाली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणींस मात्र माफी होती, आणि १७८२ साली मनाई उठेपर्यंत तो तेथेच उजळ माथ्याने वावरला. शिवलेल्या निऱ्यांचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना किल्ट १७९२ चा मानला जातो. त्या सुमारास एका किल्टास चार वार कापड पुरे. आज आठ वार लागते.

नेसणाराचे रोजचे श्रम अशा रीतीने शिंप्याने एकदाच, पण कायमचे, आपल्या बोटांवर घेतले. समोरचे दोन पदर सपाट ठेवून मागे पंचवीस-तीस निऱ्या घालावयाच्या, आणि प्रत्येक निरी अशा हिशेबाने दुमडावयाची की, घडीत कापड लपूनही टार्टनची चौकट पाठीवर जशीच्या तशी उमटावी. शिवाय कमर नितंबांहून अरुंद, म्हणून प्रत्येक निरी वर निमुळती करीत बारीक टाक्यांनी शिवावयाची, आतील फाजील कापड कापून काढावयाचे, मग कॅनव्हास, अस्तर, चामड्याचे पट्टे आणि वाफेची इस्त्री. आता माग रुंद झाले आहेत, म्हणून चार वारांचे दुहेरी पन्ह्याचे कापड लांबीतून फाडून त्याचे दोन पट्टे करतात आणि ते टोकास टोक जोडून तो सांधा एका निरीत दडवितात. फाडलेली कड वर, कमरेत जाते. खाली, गुडघ्यापाशी, विणकराने सोडलेला काठ असतो, आणि वीस तास चाललेली सुई त्या काठास स्पर्शही करीत नाही.